इथे वाडा होता

माझ्या पत्त्यात ‘पेठ’ हा शब्द दोनदा येतो. मुक्काम पेठ, तालुका पेठ, जिल्हा नाशिक. नाशिकहून गुजरातच्या वाटेला लागलं, सावळघाट आणि कोटंबीचा घाट पोटातलं पाणी न हलू देता पार केला, की साधारण पंचावन्न किलोमीटरवर आमचं गाव. नाशिक जिल्ह्यात हा पत्ता सांगितला की लोक मान डोलावतात. पुण्यात सांगितला की लोक पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहतात.

मागे पुण्यात एका दुकानात मिक्सर घेतला. घरपोच पाठवतो म्हणाले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “काका, पत्ता?”

“पेठ.”

“कुठली पेठ?”

“पेठच.”

“तसं नाही काका. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा... नाव काय पेठेचं?”

“नाव नाही. आमची नुसतीच पेठ आहे.”

मुलगा सज्जन होता. त्याने वाद घातला नाही. पावतीवर ‘नुसती पेठ, पुणे’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तो मिक्सर अजून पुण्यात नुसती पेठ शोधत फिरत असावा. आमच्या घरी चटणी पाट्यावर होते आणि ती मिक्सरपेक्षा बरी लागते, असं आता मीच पाहुण्यांना सांगतो.

आश्रमशाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालो, तेव्हा पुण्याच्या भाच्याने मला एक भेट दिली. म्हणाला, “मामा, तुमच्या नावाने हेरिटेज वॉक बुक केलाय. छोटा ग्रुप, फक्त दहा जण. जुन्या पेठा बघायच्या, बरोबर गाइड आणि शेवटी राजवाडा.”

“गाडी कुठपर्यंत जाते?”

“गाडी नाही मामा. चालायचं.”

“आणि पैसे?”

“माणशी पाचशे. मी भरलेत.”

मी गप्प बसलो. एसटी चुकली म्हणून, आलीच नाही म्हणून, आणि आली पण घाटात बसली म्हणून मी आयुष्यभर पाड्यापाड्यांवर चालत आलो. चालण्याचे पैसे असतात हे तेव्हा कळलं असतं, तर पगाराला हात न लावता घर बांधलं असतं. पुढे समजलं की पैसे चालणाऱ्याने द्यायचे असतात. तेव्हा झालं ते बरंच झालं.

आदल्या रात्री भाच्याच्या फोनवर सूचना आल्या. ‘आरामदायी बूट, टोपी, पाण्याची बाटली आणि भरपूर कुतूहल सोबत आणावे.’ बायकोने पहिल्या तीन वस्तू पिशवीत भरल्या. चौथीबद्दल म्हणाली, “ती तुमच्याकडे आहेच. तिच्यापायी तर शेजारचे बोलत नाहीत आपल्याशी.”

सकाळी सातला लाल महालापाशी जमलो. गाइड पंचविशीतली मुलगी होती. गळ्यात बिल्ला, पाठीला सॅक आणि कमरेला एक छोटा स्पीकर. आमच्या गावात एवढ्या स्पीकरवर बोंबील विकतात, पण हिच्या तोंडून त्यातून थेट शहाजीराजे निघाले. गटात संगणकवालं एक नवीन जोडपं होतं. न्यू जर्सीहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यात आठ वर्षांचा एक मुलगा. नागपूरच्या दोघी बहिणी होत्या. आणि नारायण पेठेत जन्मलेले, तिथेच वाढलेले एक ऐंशीच्या घरातले आजोबा होते.

“तुम्ही इथलेच, मग वॉकला कसे?” मी विचारलं.

“हे लोक काय सांगतात ते तपासायला,” आजोबा म्हणाले. “पैसे भरून आलोय. म्हणजे मध्ये बोलता येतं.”

मोजले तर आम्ही नऊच भरलो. दहाव्याचा फोन आला की तो पोचलाय, फक्त गाडी लावायला जागा शोधतोय, तुम्ही सुरू करा. आम्ही सुरू केलं.

गाइडने सांगितलं की शिवरायांचं बालपण लाल महालात गेलं, आणि 5 एप्रिल 1663 च्या रात्री इथेच शाहिस्तेखानाची बोटं तुटली. अंगावर काटा आला. मी भिंतीला हात लावला. म्हटलं, हीच ती भिंत.

“ही इमारत महापालिकेची,” आजोबा म्हणाले. “1980 च्या दशकातली. मूळ वाडा केव्हाच गेला.”

मी हात काढून घेतला. शाहिस्तेखानाच्या प्रसंगानंतर त्या परिसरात एवढ्या चपळाईने हात मागे घेणारा बहुधा मीच.

“बरोबर आहे,” गाइड हसून म्हणाली. “मूळ लाल महाल इथे होता.”

हा ‘होता’ मी तेव्हा साधा समजलो. पुढच्या तीन तासांत तो मला इतक्या वेळा भेटला की शेवटी ओळखीचा झाला. इथे वेस होती. इथे ओढा होता. इथे कात्रजच्या तलावातून पाणी यायचं, नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं, ते या हौदात पडायचं. हौद इथे होता. नवीन लग्न झालेल्या मुलाने हौदाच्या जागेचा फोटो काढला. फोटोत एक पाणीपुरीची गाडी आली. ती मात्र होती.

मध्येच पेठांची नावं निघाली आणि मी कान टवकारले. घरचाच विषय. कसबा सगळ्यांत जुना. कसबा गणपती हे गावाचं ग्रामदैवत. बाकीच्यांना वारांची नावं पडली ती पेशवाईत. त्याआधी बुधवार पेठ होती मोहियाबाद, शनिवार पेठ मुर्तझाबाद, आणि गुरुवारला लोक वेताळ पेठ म्हणत. सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण. आमच्याकडे वाराला बाजार भरतो आणि संध्याकाळी उठतो. पुण्याने सातही वार बसवले आणि एकदा बसल्यावर त्यातला एकही उठला नाही.

तांबट आळीत मात्र ‘होतं’ थांबलं आणि ‘आहे’ सुरू झालं. कानांनाच आधी कळलं. आळीत शिरण्यापूर्वीच ठण् ठण् ठण् असा आवाज यायला लागला. एका अंधाऱ्या खोलीच्या दारात एक कारागीर मांडी घालून बसला होता. समोर तिरका रोवलेला लोखंडी दांडा, त्याच्या टोकावर तांब्याचं घंगाळ उपडं घातलेलं. डाव्या हाताने तो घंगाळ केसभर फिरवायचा आणि उजव्या हाताने हातोडी मारायचा. घाव पडला की तिथे एक वाटोळी खळी उमटायची, नव्या नाण्यासारखी चकाकणारी. पुढचा घाव बरोबर तिच्या शेजारी. ना खाली, ना वर. एक ओळ पुरी झाली की खालची. याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं आणि चकाकतं. कारागीर आमच्याकडे बघतही नव्हता. त्याला बघायची गरज नव्हती, डोळे बहुधा बोटांत होते.

न्यू जर्सीच्या मुलाने विचारलं, “एकही चुकत नाही?”

कारागीर पहिल्यांदा थांबला. “चुकला तर वाजतो,” म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाला.

आजोबांनी इथे काहीही तपासलं नाही. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिले.

तेवढ्यात दहाव्याचा फोन आला. त्याला एक जागा दिसली होती, पण तिथे आधीच एक गाडी जागा शोधत उभी होती.

मग आलो शनिवारवाड्यावर. “आणि आता राजवाडा,” असं गाइडने म्हणायला आणि आजोबांनी काठी उचलायला एकच गाठ पडली.

“राजवाडा म्हणू नका. राजा साताऱ्याला. इथे राहायचे ते प्रधान.”

“हो, पण सोप्या भाषेत...”

“सोप्या भाषेत वाडा. दोनच अक्षरं आहेत.”

त्यात आजोबांचं चुकलं नव्हतं. छत्रपती शाहू साताऱ्याला, आणि पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 ला, शनिवारी, इथे पाया घातला. वास्तुशांत झाली 22 जानेवारी 1732 ला, तोही शनिवारच. खर्च सांगतात तो 16,110 रुपये. हा आकडा ऐकून संगणकवाल्या जोडप्याने एकमेकांकडे असं बघितलं की त्यांचा घराचा हप्ता मला न सांगता कळला. वाडा सबंध दगडात बांधायला निघाला तेव्हा, दगडी वाड्याचा मान राजाचा, असं साताऱ्याहून सुनावलं गेलं आणि वरचं काम विटांत झालं, अशीही एक गोष्ट आहे. प्रधान मोठा होत चालला की वरच्याला बांधकामाच्या परवान्याची आठवण होते, ही परंपरा जुनीच म्हणायची.

दुसरी गोष्ट सशाची. म्हणे याच जागी एका सशाने कुत्र्याचा पाठलाग केला, ते बाजीरावाने पाहिलं आणि ताडलं की जागा पराक्रमी आहे. आमच्या बाजूला ससा दिसला तर कुत्रा आणि माणूस दोघेही त्याच्यामागे लागतात. आमच्याकडे पेशवाई का झाली नाही, ते मला त्या क्षणी उमगलं.

दिल्ली दरवाजा बघून मात्र बोलती बंद झाली. दोन अजस्र फळ्या, आणि त्यांच्यावर वितीवितीचे टोकदार खिळे. नेमके हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, म्हणजे हत्तीने धडक द्यायची तर आधी विचार करावा. माणसांसाठी त्याच फळीत एक छोटा दिंडी दरवाजा. मान लववल्याशिवाय आत जाताच येत नाही. नागपूरच्या थोरल्या बहिणीने तिथे गुडघ्यांना उद्देशून जे शब्द काढले ते इथे लिहिता येत नाहीत.

आणि आत काय? हिरवळ.

हिरवळ, मधोमध पायवाटा, आणि दगडी जोती. जोत्यांच्या वर आकाश. गाइड एका जोत्यापाशी उभी राहिली. हात वर केला आणि म्हणाली, “इथे गणेश रंगमहाल होता.” आम्ही वर बघितलं. एक घार होती. “इथे आरसेमहाल. तिकडे हस्तिदंती महाल. आणि यांच्यावर मजले, सातव्यावर मेघडंबरी. तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा म्हणतात.” सगळ्यांनी टाचा उंचावल्या आणि आळंदीच्या दिशेने बघितलं. सिग्नलला थांबलेली बस दिसली.

1817 च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढे 1828 मध्ये आग लागली, ती म्हणे सात दिवस धुमसत होती. लाकडी महाल गेले. दगडी तट, दरवाजे आणि जोती उरली.

न्यू जर्सीचा मुलगा इतका वेळ शहाण्यासारखा ऐकत होता. आता त्याने वडिलांचा शर्ट ओढला. “पण पॅलेस कुठे आहे?”

“इथेच होता बेटा.”

“होता म्हणजे?”

“होता म्हणजे... वॉज.”

मुलाने हिरवळीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, मग पुन्हा वडिलांकडे. “म्हणजे आपण ‘वॉज’ बघायला आलो?”

एवढा नेमका प्रश्न त्या सकाळी कोणीच विचारला नव्हता. वडिलांनी आईकडे बघितलं, आईने गाइडकडे, गाइडने आजोबांकडे. गाइडने मग स्पीकर बंद केला. मुलाला घेऊन जोत्याच्या कडेला बसली आणि आपल्या आवाजात सांगायला लागली. 1773 चा गणेशोत्सव. तारीख 30 ऑगस्ट. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा. पगारासाठी हटून बसलेले गारदी. ‘धरावे’चं ‘मारावे’ झाल्याचं लोक सांगतात ती चिठ्ठी. आणि या जोत्यांवरच्या दालनांतून चुलत्याकडे धावत गेलेला मुलगा. हे सांगताना ती उठली, इथून इथपर्यंत चालून दाखवलं, कोपऱ्यावर वळली. पोरगा तिच्यामागे चालला. मग आम्ही सगळे. आणि मी शपथेवर सांगतो, ती वळली तिथे मला भिंत दिसली. अंधारा बोळही दिसला. संगणकवाली मुलगी तर, नसलेल्या चौकटीतून जाताना वाकली.

आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, “पोरगी चांगली आहे. एक तारीखही चुकली नाही.”

वॉक संपला मंडईत. 1880 च्या दशकातली ही अष्टकोनी इमारत अजून जागेवर आहे, त्यामुळे तिच्याबद्दल गाइडला फार काही बोलावं लागलं नाही. चहा मागवला. तेवढ्यात घामाघूम झालेला दहावा आला. गाडी लागली होती, पण कुठे लावली ते आता त्याला आठवत नव्हतं. त्यालाही चहा दिला.

गाइड म्हणाली, “जाता जाता प्रत्येकाने आपलं नाव-गाव सांगा.” माझी पाळी आली. “पेठ,” मी म्हणालो, आणि वाट बघत राहिलो.

“कुठली पेठ?” सात जणांनी एकदम विचारलं.

मग मात्र मी मास्तर झालो. म्हटलं, नुसती पेठ. नाशिकची. आणि तिलाही राजा होता. घराणं मूळचं पवार, पुढे दळवी म्हणून ओळखलं गेलं, आणि मोगलाईत मुसलमान झालं. इंग्रज आले आणि त्यांनी कागदोपत्री आमच्या पेठेचं स्पेलिंग असं केलं की वाचायला ‘पेइंट’. दफ्तरात संस्थान आहे की रंगाचा डबा, कळायला मार्ग नाही. 1857 च्या डिसेंबरात आमच्या डोंगरात कोळी-भिल्ल उठले, शेजारी हरसूलचा बाजार लुटला गेला, लोण पेठेत आलं. गादीवर हक्क सांगणारा भगवंतराव या उठावात सामील असल्याचं इंग्रजांनी ठरवलं आणि त्याला फासावर चढवलं. मागे संस्थानची बेगम राहिली. तिच्या हयातीपुरता इंग्रजांनी धीर धरला. 1878 मध्ये बेगम वारली, संस्थान खालसा झालं आणि नाशिक जिल्ह्याला एक तालुका मिळाला. तो आमचा पत्ता.

चहाचे कप तसेच राहिले. आजोबांनी काठी जमिनीवर टेकवली. मला वाटलं, आता दुरुस्ती येणार.

“हे मला माहीत नव्हतं,” आजोबा म्हणाले.

नारायण पेठेतून हे वाक्य बाहेर पडताना आजूबाजूच्या दोन भाजीवाल्यांनीही वळून बघितलं असेल. गाइडने वही काढली. “काका, राजवाडा आहे का तिथे?”

“तिकीट लावावं असा नाही.”

“मग दाखवता काय?”

मी बोट शनिवारवाड्याच्या दिशेने केलं. “तुम्ही काय दाखवलंत?”

ती हसली, आणि मला जे शिकायचं होतं ते तिथे शिकून झालं. इतकी वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलो की आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही. पाहुणे दोन भाकऱ्या खाऊन निघून जायचे. पुण्यात माणशी पाचशे रुपये देऊन लोक सकाळी सातला न दिसणाऱ्या मजल्यांकडे माना वर करून बघतात, आणि त्यांना ते दिसतात. फरक एवढाच की तिथे कोणीतरी उभं राहून सांगतं. आमच्याकडे सांगणारेच म्हणतात, काही नाही हो.

नोव्हेंबरात आजोबांचा फोन आला. “येतोय. तपासायला.” आणि खरोखर आले. एसटीने, टोपी घालून, बाटली घेऊन. घाटाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. स्टँडवर दहा मिनिटं खांबाला धरून उभे राहिले, एवढंच.

मी त्यांना पेठेत पेठ दाखवली. पंधरा मिनिटांचा वॉक. लहान गट, म्हणजे आम्ही दोघे. बाजारातून निघालो, तहसील कचेरीसमोर थांबलो. म्हटलं, “संस्थान बुडाल्यावर राजाच्या जागी आला तो मामलेदार. तेव्हा राजदरबार समजून इथेच एक नमस्कार करा.” त्यांनी केला. मग गावाबाहेर आलो. कापलेल्या नागलीची खाचरं, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि त्यांच्यामागे हरसूल. मी हात वर केला. 1857 चा डिसेंबर सांगितला. भगवंतराव सांगितला. बेगम सांगितली, वडिलांमागे, राज्यामागे, आपण गेलो की हे सगळं इंग्रजांचं होणार हे माहीत असताना काढलेली वर्षं सांगितली. इथून इथपर्यंत चालूनही दाखवलं. आजोबा मागून चालत आले.

घरी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि पाट्यावरची खुरासणीची चटणी झाली. आजोबा चटणी तिसऱ्यांदा घेत म्हणाले, “मिक्सरची नाही वाटतं?” बायकोने माझ्याकडे बघितलं. मी वरण वाढायला लागलो.

तेव्हा तुम्हीही या. नाशिकहून एसटी आहे. पाऊस संपला, की नागली पिकलेली असते आणि डोंगर धुऊन ठेवलेले असतात. तिकीट नाही, स्पीकर नाही, गाडी लावायला जागा भरपूर. आणि तुमच्याही गावात एखादं जोतं, पडकी वेस, बुजलेली बारव असेल, तर पाहुण्याला ‘काही नाही हो’ म्हणण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा, तिथे काय होतं. आमच्याकडे यायचं तर पत्ता सोपा आहे. कंडक्टरला फक्त ‘पेठ’ म्हणा. त्याने ‘कुठली पेठ?’ असं विचारलं, तर खाली उतरा; तुम्ही अजून पुण्यातच आहात.